गुलमोहर काढायचा की ठेवायचा? आधी बुंधा बघा, मग ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकमध्ये इंदिरानगरला बंगला, कंपाउंडला लागून साधारण तीस वर्षांचा गुलमोहर, गेल्या जूनमध्ये त्याची मोठी फांदी शेजाऱ्यांच्या गाडीवर पडली. शेजारी म्हणतात मुळापासून काढून टाका, झाडं तोडणारा एक जण म्हणतो शेंडा मारून देतो एका दिवसात काम फत्ते, आणि मुलगा कॅनडातून व्हिडिओ पाठवतोय की आई असं काही करू नकोस. तिघांपैकी कोणाचं ऐकू असं तुम्ही विचारलंय. शेंडा मारणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, हे आत्ताच सांगून टाकतो. बाकी दोघांमध्ये कोण बरोबर ते झाडाच्या बुंध्यावर ठरेल.

मला झाड बघायला बोलावतात तेव्हा सगळं घर वर बघत उभं असतं, किती उंच गेलंय बघा, ती फांदी कशी गच्चीवर आलीय बघा. अहो नुसत्या उंचीनं झाड पडत नाही. वादळानंतर रस्त्यावर आडवं पडलेलं झाड दिसलं तर जरा जवळ जाऊन त्याचा गड्डा बघा, एका बाजूची मुळं पूर्वीच कधीतरी सपाट तोडलेली दिसतात नाहीतर काळी पडून कुजलेली असतात, हाताने चुरडली तर भुगा होतो. वारा फक्त निमित्त झालेला असतो, काम आधीच झालेलं असतं. ते कोणी केलं तर कधी ड्रेनेजच्या चरानं, कधी गॅसच्या लाईननं, आणि पुष्कळदा आपणच हौसेनं बसवलेल्या पेव्हर ब्लॉकनं.

तर उद्या सकाळी उन्हं फार वर यायच्या आत एक मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि लाकडी हातोडी घ्या, हातोडी नसेल तर लाटणंही चालेल, आणि झाडाभोवती सावकाश फिरा. पहिलं बघायचं ते खोड जमिनीत शिरतं ती जागा. तिथे बुंधा रुंद होत गेलेला दिसला पाहिजे, मुळांच्या फुगीर नसा बाहेरच्या बाजूला पसरलेल्या दिसल्या पाहिजेत. खोड विजेच्या खांबासारखं सरळ खाली गेलेलं दिसत असेल तर समजा की कधीतरी भराव टाकून बुंधा पुरला गेलाय, आणि पुरलेली साल कायम ओली राहून आतून सडते. हाताने माती उकरून बघा, किती खाली गेल्यावर ती रुंदी सापडते ते.

दुसरं म्हणजे अळंबी. गुलमोहराला बुंध्याशी गॅनोडर्मा नावाची बुरशी लागते, पावसाळ्यात आणि त्यानंतर तिचे तपकिरी, व्हार्निश लावल्यासारखे चकचकीत खवले खोडातून आडवे बाहेर येतात, वाढत असतील तेव्हा कडेला पांढरी किनार असते, आणि खालच्या पानांवर फरशीवर कोकोच्या रंगाची बारीक पूड पडलेली दिसते. माळी ते खवले उपटून टाकतो आणि झालं म्हणतो. पण बाहेर दिसतंय ते नुसतं फळ, बुरशी आत मुळात आणि बुंध्यात बसलेली असते, खवला काढला म्हणून ती जात नाही. तुमच्या गुलमोहराला बुंध्याशी असे खवले असतील आणि स्क्रू ड्रायव्हर तिथे जोर न लावता दोन-तीन इंच आत जात असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, सरळ परवानगीच्या भागावर या, ते झाड काढायचंच आहे.

खवले नसतील तर बुंध्यावर सगळीकडून ठोकून बघा, टणक आवाज आणि ढब्ब आवाज यातला फरक कोणालाही कळतो. पण पोकळ आवाज आला म्हणून लगेच घाबरायचं नाही, पोकळ झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात. ढोबळ ठोकताळा असा की खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी चांगलं लाकूड सगळ्या बाजूंनी शाबूत हवं. म्हणजे खोड दोन फूट व्यासाचं असेल तर चहूबाजूंनी चार इंच घट्ट लाकूड. त्यात एका बाजूला मोठं भगदाड असेल तर हा हिशोब लागू होत नाही, तिथे माणूस बोलावून नीट तपासून घ्यायचं.

मग जमीन. वारा सुटला की लांब उभं राहून बुंध्याजवळची माती बघा, हलत असेल, एका बाजूला उचलल्यासारखी फुगत असेल किंवा अर्धवर्तुळात नवी भेग पडली असेल तर त्या दिवसापासून झाडाखाली गाडी नाही आणि पोरांचा खेळही नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्या सगळीकडे असतात, मी म्हणतोय ती भेग बुंध्याभोवती फिरते. झुकण्याचंही तसंच. झाड झुकलंय पण शेंडा परत वर वळलाय तर ते लहानपणापासूनचं झुकणं, त्याला त्यानं पुरेसं लाकूड घालून सांभाळलेलं असतं. शेंड्यासकट सगळंच एका रेषेत कललं असेल, आणि मागच्या दिवाळीच्या फोटोत ते तसं नव्हतं, तर ते वाईट.

आता तुम्ही प्रश्नात एक ओळ सहज लिहून गेलात की तीन वर्षांपूर्वी पार्किंगला पेव्हर बसवले. माझा खरा संशय तिथेच आहे. लोकांना वाटतं झाडाची मुळं सोटासारखी खोल जातात, पण मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेर गेलेली असतात. गुलमोहर तर उथळ मुळांसाठी प्रसिद्धच, मूळचा मादागास्करचा. त्यात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर काळी माती आणि हात-दीड हात खाली मुरूम, म्हणजे खाली जायला मुळांना फारशी वाटच नाही. पेव्हर बसवताना सहा-आठ इंच खणतात, बेड करतात, रोलर फिरवतात, वरून कच टाकतात. त्यात धरून ठेवणारी मुळं तुटतात आणि उरलेल्यांना हवा-पाणी मिळेनासं होतं. झाड लगेच मरत नाही हीच गंमत आहे, तीन-चार वर्षं हिरवं दिसत राहतं, फुलतंही, आणि मग एका वळवाला आडवं होतं, आणि सगळे म्हणतात कालपर्यंत तर चांगलं होतं.

खणलं कोणत्या बाजूला तेही आठवा. पश्चिमेकडची मुळं तोडली असतील तर तिकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याला धरून ठेवणारी दोरीच तुटली, झाड पूर्वेला जाणार. तिकडे काय आहे, तुमची खोली की शेजाऱ्यांची गाडी, ते बघा. वळवाचं आणखी वेगळं, तो वारा कुठूनही येतो, ज्या बाजूच्या वाऱ्याची झाडाला सवय नाही तिकडूनही, आणि नेमका तेव्हा मे-जूनमध्ये गुलमोहर नवी पालवी आणि फुलं घेऊन पूर्ण भरलेला असतो.

झाड ठेवायचं ठरलं तर पहिला खर्च छाटणीवर नाही, बुंध्याभोवतीचे पेव्हर काढण्यावर करा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीच्या १ मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तो कमीत कमी आकडा समजा, एवढ्या गुलमोहराला मी दोन मीटर तरी मोकळे करायला सांगतो. हाताने काढायचे, जेसीबी नाही, कुदळही जपून. खालची घट्ट माती लोखंडी पहारीनं मुळं चुकवत भोकं पाडून सैल करायची, वर पालापाचोळा तीन-चार इंच, तो खोडाला मात्र चिकटवायचा नाही. आणि कृपा करून तिथे गोल ओटा बांधून त्यात लाल माती भरू नका, वडा-पिंपळाला पार सोसतो म्हणून गुलमोहराला सोसत नाही. उन्हाळ्यात पाणी द्यायचं तर बुंध्यात बादली ओतून उपयोग नाही, लांब, पसाऱ्याच्या कडेला, पाइप बारीक सोडून दोन-तीन तास, पंधरा दिवसांतून एकदा.

आता शेंडा मारणं. नाशिककरांची इथे एक अडचण आहे, आपल्या डोळ्यासमोर छाटणी म्हणजे द्राक्षाची छाटणी. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावरच्या जुन्या आडव्या फांद्यांपर्यंत, बोडका करायचा, ऑक्टोबरमध्ये परत गोड्या बहाराची, म्हणजे फळासाठीची छाटणी, आणि तो दर वेळी जोमानं फुटतो. बरेच मजूरही बागेतूनच आलेले असतात, त्यांचा हात तसाच चालतो. पण वेलाला मांडवाचा आधार असतो आणि त्याचे फुटवे तुम्ही दरवर्षी परत कापता. झाडाचा शेंडा उडवला की कापल्या जागेखालून दहा-पंधरा फुटवे सरळ वर सुटतात, दोन वर्षांत झाड पूर्वीपेक्षा दाट होतं, आणि हे फुटवे सालीजवळच चिकटलेले असतात, जुन्या फांदीसारखे खोडाच्या लाकडात आतपर्यंत रुजलेले नसतात. त्याच वेळी वरच्या मोठ्या जखमेतून पाणी मुरून सड खाली उतरते. म्हणजे चार-पाच वर्षांनी सडक्या ठोकळ्यावर वजनदार फांद्या उभ्या. तुमची गेल्या जूनमध्ये पडलेली फांदी कुठून तुटली ते जरूर बघा, मला तरी वाटतं पूर्वी कधीतरी असाच शेंडा मारलेला असणार आणि त्या फुटव्यांतलीच ही फांदी असणार.

(मागच्या अंगणातल्या शेवग्याचंही तुम्ही विचारलंय. त्याला खुशाल दरवर्षी शेंगा संपल्या की कमरेएवढा ठेवून कापा, शेवगा त्यातलाच आहे, उलट न कापलेला शेवगा जास्त मोडतो.)

गुलमोहराची नीट छाटणी म्हणजे आधी वाळलेलं, मग मोडकं, मग घासणाऱ्या फांद्यांतली एक, मग घराकडे आणि शेजाऱ्यांकडे लांब गेलेल्या फांद्या टोकाकडून आखूड करणं. आखूड करताना मध्येच नाही तोडायचं, एखाद्या बाजूच्या फांदीपाशी आणून तोडायचं, आणि ती बाजूची फांदी तोडलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी म्हणजे ती पुढचं काम उचलते. एका वेळी हिरव्या पसाऱ्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका, एवढं जुनं झाड असेल तर त्याहून कमीच. बेचकं बघा, दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही सारख्या चिकटून वर गेल्या असतील आणि मध्ये साल आत दुमडली असेल तर ते बेचकं वादळात उभं फाटतं, त्यातल्या एकीचं वजन कमी करायलाच हवं.

मोठी फांदी काढताना तीन काप द्यायचे, हे कामगाराला आधीच सांगा आणि समोर उभं राहून बघा. पहिला खालून, खोडापासून फूटभर लांब, जाडीच्या पाव भागापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या जरा बाहेर, आरपार, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंटा तिसऱ्या कापात. हा तिसरा काप महत्त्वाचा. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, सालीला आडव्या सुरकुत्या असतात, ते कडं खोडाकडे ठेवून त्याच्या अगदी बाहेर कापायचं. खोडाशी सपाट कापलं तर कडंच गेलं आणि जखम बुजायला लागणारी साल तिथूनच येते. आणि खुंटा हातभर लांब सोडला तर तो वाळून कुजतो, सड खोडात नेतो. चांगला काप असेल तर वर्षभरात कडेनं गोल साल सरकत आलेली दिसते.

कापल्यावर काय लावायचं हे सगळेच विचारतात. ऑइल पेंट, डांबर, गेरू, द्राक्षवाल्यांकडे असतंच म्हणून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. अॅलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंती घालून तिला बंद करतं, आणि रंग लावून ते काम लवकर होत नाही. बोर्डो पातळ लावलीत तर माझी हरकत नाही, डांबर नको, त्याखाली ओल अडकते. ढोलीत सिमेंट भरणं तर साफ बंद करा, झाड वाऱ्यानं हलतं, सिमेंट हलत नाही, आतून घासून सड वाढते आणि उद्या करवत लागली की करवतीचं पातं जातं ते वेगळंच.

वेळ कधीची, तर इथे तुमच्या मुलाचे व्हिडिओ येतात. तिकडे झाडांचा शत्रू बर्फ. गोठणारा पाऊस फांदीवर काचेसारखा जमतो आणि वजनानं फांद्या मोडतात, जानेवारी १९९८ मध्ये क्विबेक आणि ओंटारिओमध्ये असंच वादळ आलं होतं. तिकडे हिवाळ्याच्या शेवटी झाड निष्पर्ण आणि झोपेत असताना छाटतात, आणि जिथे ओक विल्टची बुरशी आहे तिथे ओकला वसंतात-उन्हाळ्यात हात लावत नाहीत कारण ताज्या जखमेवर येणारे किडे ती पसरवतात. आपल्याकडे बर्फ नाही, निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा पपई, केळी आणि आंब्याची रोपं तेवढी जपावी लागतात, संध्याकाळी पाणी देऊन वर गोणपाट टाकलं की झालं, मोठ्या गुलमोहराला त्याचं काही नाही. पण महिना योगायोगानं तोच निघतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलमोहराची पानं गळालेली असतात, सांगाडा स्पष्ट दिसतो, हवा कोरडी असते म्हणून जखमेवर बुरशी बसायला कठीण, आणि वळवाच्या आधी हातात वेळ असतो. त्या वर्षीची फुलं थोडी कमी येतील, चालतंय. मेच्या शेवटी करू म्हणून थांबू नका, २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत होता, आणि २०२० मध्ये निसर्ग वादळ ३ जूनला किनाऱ्यावर येऊन आपल्या बाजूला सरकलं होतं. भर पावसात फक्त लोंबकळणारी, मोडकी फांदी काढायची, बाकी काही नाही.

काढायचंच ठरलं तर परवानगी. झाड माझं, जागा माझी, हे चालत नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा १९७५ चा आहे, त्याप्रमाणे खासगी अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात करायचा, देवळाली कॅम्पात असाल तर कँटोन्मेंट बोर्डात चौकशी करा. जोरदार छाटणीलाही आधी विचारून घ्या, कारण कायद्यात झाड तोडणं या शब्दात झाडाला इजा करणंही येतं. माणूस बघायला येतो, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात, त्यामुळे आठवडे जातात, म्हणून एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही. झाड मेलेलं, रोगट किंवा जीविताला धोका असेल तर परवानगी नाकारू नये असं कायद्यातच आहे, म्हणून अर्जात नुसतं 'अडचण होते' लिहू नका, खवल्यांचे, भेगेचे, पोकळीचे तारखेसह फोटो लावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली, तुमचं तीसचं आहे म्हणजे तीस रोपं, ती कुठे लावणार हेही आधी विचारून ठेवा. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात जो वाद झाला त्यानंतर लोक करवतीचा आवाज आला तरी फोन करतात, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे.

बुंध्याला ड्रिल मारून हिंग नाहीतर अॅसिड भरायचे सल्ले तुम्हाला नक्की मिळतील. गुन्हा आहे तो एक भाग, पण त्याहून मोठा मूर्खपणा म्हणजे मेलेला गुलमोहर एक-दोन पावसाळ्यांत इतका ठिसूळ होतो की त्यावर चढायला कोणी धजत नाही, मग क्रेन मागवा.

तोडणारा निवडताना 'लाकूड आम्हाला द्या, पैसे कमी घेतो' म्हणणाऱ्यापासून सावध. त्याचा फायदा वखारीत आहे, तुमच्या झाडात नाही, जितकं जाड लाकूड निघेल तितकं तो काढणार. गुलमोहराच्या लाकडाला तसाही फार भाव नाही, तेव्हा मजुरी वेगळी, लाकूड वेगळं असा व्यवहार करा. तुमच्या जागेत झाड एका दणक्यात पाडायला वाव नाही, वरून तुकड्या-तुकड्यानं दोर बांधून खाली सोडावं लागेल, म्हणजे बेल्ट, हेल्मेट, दोन दोर आणि खाली दोर धरणारा वेगळा माणूस हवा. चप्पल घालून कोयता कमरेला खोचून चढणाऱ्याला परत पाठवा, पडला तर तुमच्या अंगणात पडणार आहे. सर्व्हिस वायर पसाऱ्यातून जात असेल तर महावितरणला १९१२ वर कळवून लाईन बंद झाल्याशिवाय एक फांदीही हलवायची नाही, ओल्या फांदीतूनही करंट येतो.

शेजाऱ्यांशी लेखी बोला, व्हॉट्सअॅपवर का होईना, काय तपासलं, कधी छाटणार. त्यांच्या गाडीला कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तर वादळात झाड पडून झालेलं नुकसान त्यात सहसा बसतं, नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही.

झाड गेलं तर बुडखा घराजवळ ठेवू नका, वाळवी आधी त्यात आणि मग चौकटीत. हातानं खणून काढा, मुळं कुजली की तिथली जमीन वर्ष-दोन वर्षं खचते, तोवर पेव्हर परत बसवायची घाई नको. आणि तिथेच नवीन लावायचं तर ताम्हण, बहावा, कांचन, बकुळ यांतलं काहीही घ्या, भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून निदान दहा-बारा फूट सोडून, सुबाभूळ, सिल्व्हर ओक किंवा निलगिरी मात्र नको. बुंध्याशी गॅनोडर्मा सापडला असेल तर नेमक्या त्याच खड्ड्यात लावू नका, बाजूला सरका. रोपाची पिशवी काढल्यावर मुळं आत गोल गोल फिरलेली दिसली तर ती कात्रीनं उभी कापून मगच लावा, नाहीतर वीस वर्षांनी तीच मुळं बुंध्याला फास लावतात. बांबूचा आधार सैल बांधा आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाका.